मुक्काम आणि विसावा : वडील माणसांसह स्कॉटलंडचा मोटारप्रवास

आपल्या समाजात प्रवासाची परंपरा जुनी आहे. परंतु ती मुख्यतः यात्रेची परंपरा होय. काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाने घरी मावंदे घालावे आणि आप्तेष्टांनी त्याच्या पाया पडावे, ही चाल कित्येक घरांतून अद्याप टिकून आहे. त्या यात्रेत वृद्धांचे स्थान पहिले असे. किंबहुना यात्रा निघे ती त्यांच्याचकरता, आणि तरुण माणसे सोबत म्हणून जात. अलीकडे मुले परदेशी राहू लागल्यामुळे म्हणा, अगर हाती चार पैसे अधिक खेळू लागल्यामुळे म्हणा, सुशिक्षित घरांतून परदेशच्या सफरी निघू लागल्या आहेत. या नव्या सफरींत मात्र वृद्धांची स्थिती काहीशी चमत्कारिक झाली आहे. त्यांना नेतात, मोठ्या हौसेने नेतात. परंतु सफरीची आखणी त्यांच्याकरता केलेली नसते. दहा दिवसांत सात शहरे, रोज नवे बिऱ्हाड, पहाटे पाचला उठून सामान बांधणे, आणि दिवसभर धावपळ करून रात्री छायाचित्रांची मोजदाद करणे, असा तो क्रम असतो. वडील माणसे सामानाबरोबर मोटारीत चढतात व सामानाबरोबर उतरतात.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मुलाने सफरीचा विषय काढला की वडील माणसे बहुधा एकच उत्तर देतात : "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो." हा नकार आहे असे समजून मुले गप्प बसतात. आम्ही स्वतः साठी ओलांडलेली असल्यामुळे या वाक्याचा अर्थ अधिकाराने सांगू शकतो. तो नकार नव्हे, तो एक प्रश्न आहे. "आमचे तुम्हास ओझे तर होणार नाही ना?" हे तोंडाने विचारवत नाही, म्हणून घर सांभाळण्याची सबब पुढे येते. या प्रश्नास "छे, छे, ओझे कसले!" हे उत्तर पुरेसे नसते. त्याचे खरे उत्तर प्रवासाच्या आखणीतच दिसावे लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, घोळक्यात जो सर्वांत मंद चालतो, त्याच्या पावलाने सबंध प्रवास मोजावा. ही कल्पना आमची नव्हे. आळंदीहून पंढरीस निघणारी पालखी शतकानुशतके याच रीतीने चालत आहे. तिचे मुक्काम ठरलेले, वाटेतील विसावे ठरलेले. म्हणूनच तरण्या वारकऱ्यांबरोबर सत्तरीच्या आजीबाईही पंढरपूरपर्यंत पोहोचतात. कालिदासाचा यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतो, तेव्हा दमलास की कोणत्या पर्वतावर टेकावे व कोणत्या नदीचे पाणी प्यावे हेही सांगतो. इतकेच नव्हे, तर वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्यावाचून जाऊ नको असे बजावतो. वस्तुतः यक्षाला निरोपाची घाई किती! तरी विसाव्यावाचून वाट सांगणे त्याला सुचले नाही.

देशाची निवड

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरची सहा माणसे स्कॉटलंडात पंधरा रात्री राहून आली. वडील बंधू ७९ वर्षांचे, वहिनी ७५ वर्षांच्या, आम्ही व आमचे कुटुंब, आणि पुतण्या व सूनबाई. बंधूंना रक्तदाब, वहिनींचे गुडघे दुखरे, आमच्या कुटुंबास मधुमेह. तेव्हा पथ्यपाण्याच्या दृष्टीने आमचे मंडळ परिपूर्ण होते.

स्कॉटलंडच का, असे पुष्कळांनी विचारले. पहिले कारण असे की, तेथे वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. युरोप खंडातील बहुतेक देशांत उजव्या बाजूने चालवावे लागते, आणि मागे चार वडील माणसे बसली असता नवी सवय लावून घेणे चालकाच्या मनावर ताण आणणारे असते. आपला भारतीय परवाना पक्का व चालू असेल तर पाहुण्यास तेथे १२ महिन्यांपर्यंत लहान मोटार चालवता येते. दुसरे कारण भाषेचे. औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात वृद्ध माणसास स्वतःचे दुखणे स्वतः सांगता येणे यात मोठा धीर असतो, आणि आमच्या पिढीस इंग्रजीचा तेवढा आधार आहे. तिसरे कारण देशाच्या रचनेचे. येथील पुष्कळशी शोभा रस्त्यावरूनच दिसते. डोंगर, तळी, समुद्राचे फाटे ही सर्व मोटारीच्या खिडकीपाशी येतात. ती पाहण्यास चढावे लागत नाही.

चौथे कारण जिव्हाळ्याचे. महाराष्ट्राच्या इतिहासाशी या लहानशा देशाचा संबंध निकटचा आहे. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे स्कॉट. त्यांचे लहानपणीचे काही शिक्षण एडिंबरोच्या हायस्कुलात झाले. साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी राहिलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बॅन्फ गावचा. कॅपनने केलेले त्या ग्रंथाचे भाषांतर 'मराठ्यांची बखर' म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध झाले, आणि नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी मूळ ग्रंथाचे दोष दाखवून आपल्या इतिहाससंशोधनाचा पाया घातला. आमच्या बंधूंनी हयातभर इतिहास शिकवला. डफशी भांडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. "घर सांभाळतो" म्हणणाऱ्या बंधूंपुढे पुतण्याने नकाशा पसरला आणि "बॅन्फ कोठे आहे, ते दाखवा पाहू" म्हणून हाती पेन्सील दिली, तेव्हाच सफरीचे निश्चित झाले.

निघण्यापूर्वी

हंगामाचा विचार आधी करावा. आमच्या मते वृद्धांस मे महिना उत्तम. त्या सुमारास पश्चिमेकडे पाऊस त्या मानाने कमी असतो, पहाटे पाचच्या आत उजाडते व रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. त्यामुळे अंधारात मोटार हाकण्याचा प्रसंगच येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत 'मिज' नावाची चिलटे पश्चिम भागात फार त्रास देतात. मे महिन्याच्या पूर्वार्धात ती क्वचितच आढळतात. मात्र मे म्हणजे आपला वैशाख नव्हे. दिवसा पारा १२ ते १५ अंशांच्या आसपास असतो आणि वारा बोचरा असतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा पातळ लोकरीचे दोन-तीन थर, वरून पावसास दाद न देणारे एक आवरण, कानटोपी व न घसरणारे जोडे ही तयारी अधिक उपयोगी पडते.

ब्रिटनच्या प्रवेशपत्राचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. तो लवकर करावा, कारण त्याकरता वडील माणसांस केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. विमानतळावरील चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी. पुष्कळ वृद्धांना या खुर्चीत बसण्याची लाज वाटते. "मला काय झाले आहे?" असे आमच्या वहिनीही म्हणाल्या. त्यांना आम्ही इतकेच सांगितले की, तेथे मैल-मैल चालून जी शक्ती खर्च होईल, ती पुढे तळ्याकाठी उपयोगी पडेल. मग त्या बसल्या, आणि उतरताना ढकलणाऱ्या मुलीस मराठीत आशीर्वाद देऊन मोकळ्या झाल्या.

औषधांविषयी चार गोष्टी अवश्य पाळाव्या. सबंध प्रवासाची व वर आठ दिवसांची औषधे मूळ वेष्टनासह घ्यावी. ती हातातील पिशवीत ठेवावी, मोठ्या सामानात नव्हे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे. कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणास ठाऊक नसतात. आणि गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसास हा फरक क्षुल्लक नव्हे.

विमा उतरवताना पूर्वीचा कोणताही आजार लपवू नये. हप्ता थोडा वाढेल. परंतु लपवलेल्या आजारामुळे मागणी फेटाळली गेली तर घरावर संकट येते. स्कॉटलंडात तातडीच्या कक्षातील उपचारास पाहुण्यास पैसे पडत नाहीत. मात्र रुग्णालयात दाखल करून घेतले, तर पुढील खर्च त्याने सोसावयाचा असतो. संकटात ९९९ हा क्रमांक फिरवावा. तातडी नसता सल्ला हवा असेल तर १११. उत्तर भागातील मोठे रुग्णालय इन्व्हर्नेस येथे आहे. आम्ही प्रत्येक मुक्कामाच्या कागदावर जवळच्या रुग्णालयाचे नाव व अंतर लिहून ठेवले होते. तो कागद एकदाही लागला नाही. परंतु तो खिशात असल्यामुळे पुतण्याला रात्री झोप लागे.

मुक्कामांची आखणी

आमचे मुक्काम असे होते : एडिंबरो तीन रात्री, पिटलॉक्री दोन, इन्व्हर्नेस तीन, स्काय बेटावरील पोर्ट्री तीन, फोर्ट विल्यम तीन आणि शेवटी ग्लासगो एक. एकूण रात्री पंधरा. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाची अंतरे अनुक्रमे सुमारे ११५, १३७, १८५, १७५ व १७५ किलोमीटर होती. सर्व मिळून आठशे किलोमीटरांच्या आतच, म्हणजे जवळजवळ मुंबई ते नागपूर. तरुण माणसे हे अंतर एका दिवसात काटतील. आम्ही त्याला पंधरवडा दिला.

या आखणीत तीन नियम पाळले होते. पहिला, शेवटची रात्र वगळता कोणत्याही गावी एकच रात्र राहावयाचे नाही. वृद्धांस खरा शीण प्रवासाचा होत नाही, तो बिऱ्हाड मांडण्याचा व मोडण्याचा होतो. गोळ्यांची डबी कोठे, चष्मा कोठे, रात्री उठल्यावर दिव्याची कळ कोणत्या हाताला, हे अंगवळणी पडण्यास एक रात्र जाते. दुसऱ्या रात्री घर आपले वाटते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परक्या स्वयंपाकघरात आपणहून चहा टाकतात.

दुसरा नियम, मुक्काम बदलण्याच्या दिवशी चाकावरचा वेळ एकूण चार तासांच्या आत आणि एका बैठकीचा वेळ दीड तासाच्या आत. तेथे बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-अकराच्या सुमारास जागा सोडावी लागते व नवी जागा दुपारी तीन-चारनंतर मिळते. हा क्रम वृद्धांना सोयीचाच आहे. स्नान-संध्या, न्याहारी व औषधे सावकाश आटोपून निघावे, वाटेत एक विसावा घ्यावा, एक स्थळ पाहावे, आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी मुक्कामी पोहोचावे.

तिसरा नियम, एका मुक्कामाच्या मधल्या दिवसांपैकी एक दिवस मोटारीस हात लावावयाचा नाही. त्या दिवशी तरुण माणसे हवी तेथे जावोत. स्काय बेटावर पुतण्या व सूनबाई 'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' नावाचा सुळका चढून आली. आम्ही चौघे पोर्ट्रीच्या बंदरावर बसून मासेमारीच्या होड्या पाहत होतो. संध्याकाळी ती दोघे मोठ्या उत्साहाने वर्णन करू लागली, आणि आमच्यापाशीही सांगण्यासारखे पुष्कळ निघाले. चोवीस तास एकमेकांच्या अंगावर राहिल्याने प्रेम वाढते असे नाही. एकत्र कुटुंबात आयुष्य काढलेल्या वाचकांस हे आम्ही काय सांगावे?

पहिले तीन दिवस एडिंबरोत मोटार घेतलीच नव्हती. विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत २०१४ पासून ट्राम चालते आणि तिला चढण्यास पायरी नाही. लांबच्या विमानप्रवासानंतर झोप अपुरी झालेल्या माणसाने त्याच दिवशी चाक हाती घेणे हा धोका आहे. शिवाय घड्याळाच्या फरकामुळे वडील माणसे पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनलाच जागी होतात व संध्याकाळी सातला पेंगू लागतात. हे दिवस त्यांना विनाकष्ट जाऊ द्यावे.

मोटार व रस्ता

सहा माणसांकरता आम्ही नऊ आसनांची गाडी भाड्याने घेतली. सात आसनांच्या मोटारीत मागची आसने उघडली की सामानास जागा उरत नाही, ही गोष्ट जाहिरातीतील चित्रावरून कळत नाही. मोठ्या गाडीची पायरी मात्र उंच असते. तिच्याकरता घडीचे एक लहान पायठाण विकत घेतले. सबंध सफरीत इतक्या थोड्या पैशांत इतकी उपयोगी वस्तू दुसरी मिळाली नाही. गाडी आपोआप गिअर बदलणारी घ्यावी, चालक दोन असावे, आणि दोघांचीही नावे करारपत्रात व विम्यात नोंदवावी. चालकाचे वय अधिक असल्यास काही कंपन्या गाडी देण्याचे नाकारतात. तो नियम आधी वाचावा. सर्व आसनांवर पट्टा बांधणे तेथे कायद्याने आवश्यक आहे. वहिनींना नऊवारीवरून पट्टा बांधण्याची युक्ती दुसऱ्या दिवशी साधली.

डोंगराळ भागातील पुष्कळ रस्ते एकाच मोटारीच्या रुंदीचे असतात. त्यांवर ठिकठिकाणी रुंद केलेल्या जागा ठेवलेल्या आहेत. समोरून वाहन आले की अशी जागा आपल्या डाव्या हातास असेल तर तीत शिरावे. उजव्या हातास असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्यास तीत शिरू द्यावे. मागून कोणी घाईने येत असेल तर त्यालाही वाट द्यावी. आणि छायाचित्रे काढण्याकरता या जागा अडवू नयेत. वाट दिली की समोरचा चालक हात उंचावून आभार मानतो. आमचे बंधू पुढच्या आसनावर बसून प्रत्येकास नमस्कार करीत, आणि त्या नमस्काराला उत्तर न देणारा चालक आम्हास आढळला नाही. कायद्याने अशा मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांपर्यंत वेग चालतो. परंतु वळणे, चढउतार आणि रस्त्यात पसरलेली मेंढरे यांमुळे तो वेग कोणी ठेवू शकत नाही, व ठेवूही नये. नकाशावर दोन तास दिसले की आम्ही तीन धरीत असू.

पुढचे आसन कोणाचे, हा प्रश्न लहान दिसतो, पण नाही. ज्याचे गुडघे दुखतात किंवा ज्याला वळणांवर मळमळते त्याचा त्यावर पहिला हक्क, त्यानंतर पाळीपाळीने. पुढे बसलेल्यास काहीतरी काम असावे. बंधूंकडे फलक वाचण्याचे काम होते. तेथील फलकांवर इंग्रजीबरोबर गेलिक भाषेतही नावे असतात. गेलिकमध्ये तीनला 'त्री' म्हणतात हे कळल्यावर त्यांच्यातील शिक्षक असा जागा झाला की, संस्कृतशी जुळणारे शब्द शोधण्यात पुढचे शंभर किलोमीटर केव्हा गेले ते समजले नाही. ज्याला काम आहे तो ओझे नसतो.

अन्न, पाणी व देहधर्म

आम्ही शक्य तेथे स्वयंपाकघरासह घर घेतले. वृद्धांचे पोट बिघडले की सफर तेथेच संपते. आणि पंधरा दिवस पाव व बटाट्याच्या कापांवर राहणे तरुणांसही जड जाते. बाहेरून ब्रिटनमध्ये मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ आणण्यास आपल्या देशातील प्रवाशांस बंदी आहे. तेव्हा तुपाचा डबा, पेढे व बर्फी घरीच ठेवावी. मेतकूट, भाजणी, मसाल्याची पूड व भाजलेले पोहे आम्ही नेले होते. दूध, दही, लोणी, तांदूळ, डाळ व भाज्या इन्व्हर्नेस, पोर्ट्री व फोर्ट विल्यम येथील मोठ्या दुकानांत मिळतात. तेथील चीजमध्ये पुष्कळदा प्राण्यांपासून काढलेले विरजण असते. शाकाहारी माणसाने वेष्टनावरील खूण पाहून घ्यावी. केकमध्ये अंडे असतेच. ओटची पेज मात्र खुशाल खावी. नुसत्या पाण्यात व मिठात शिजवलेली ती पेज आणि आपली तांदळाची पेज या सख्ख्या बहिणी आहेत.

घर ठरवताना तीन प्रश्न लेखी विचारावे. निजण्याची खोली तळमजल्यावर आहे काय? न्हाणीघरात उंच कडेचे टब आहे, की सपाट जमिनीवरचा फवारा? दारापर्यंत पायऱ्या किती? जुन्या इमारतींत जिने अरुंद असतात व उद्वाहक क्वचितच असतो. उंच टबात पाय टाकताना घसरून मांडीचे हाड मोडणे ही वृद्धांच्या बाबतीत कल्पित भीती नव्हे. या एका प्रश्नावरून आम्ही दोन सुंदर घरे नाकारली.

देहधर्माविषयी लिहिण्यास लेखक सहसा संकोचतात, आणि प्रवासात त्याचाच त्रास सर्वांत अधिक होतो. कित्येक वडील माणसे, विशेषतः स्त्रिया, वाटेत सोय होईल की नाही या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर येते, औषधे बाधतात, आणि मग दुखणे उद्भवते. यास्तव प्रत्येक विसाव्याची जागा शौचालय पाहूनच निवडावी, आणि ती कोठे व किती वेळाने येणार हे निघतानाच सर्वांस मोठ्याने सांगावे. कोणासही मागावे लागू नये. लहान गावांतील सार्वजनिक शौचालये कित्येकदा बंद असतात. अशा वेळी उपाहारगृहात चहा घ्यावा म्हणजे दोन्ही कामे होतात. सामानात एक हलका तांब्या असावा, हे सुज्ञांस अधिक सांगणे नलगे.

काय पाहावे आणि काय सोडावे

एडिंबरोत सर वॉल्टर स्कॉट यांचे स्मारक आहे. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना ज्यांचे नाव हटकून निघते, तेच हे ग्रंथकार. १८४६ मध्ये उघडलेल्या या मनोऱ्यास २८७ पायऱ्या आहेत. पुतण्या चढला, आम्ही खालच्या बागेत बाकावर बसलो. मनोऱ्यावरून शहर दिसते हे खरे, परंतु बाकावरून मनोरा दिसतो. स्टर्लिंगजवळ वॉलेसच्या स्मारकास २४६ पायऱ्या आहेत. ते आम्ही रस्त्यावरूनच पाहून पुढे गेलो.

पिटलॉक्रीस नदीवर धरण आहे आणि त्याच्या बाजूस सामन माशांना वर चढता यावे म्हणून ३४ लहान टाक्यांचा जिना बांधला आहे. मासे उलट्या प्रवाहात एकेका टाकीत थांबत, दम घेत वर जातात. त्या प्राण्यांच्याही वाटेवर विसावे ठेवण्याची बुद्धी माणसाला झाली, याचे वहिनींना फार कौतुक वाटले.

इन्व्हर्नेसजवळ कलोडनचे रणक्षेत्र आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूने लढणाऱ्या डोंगरी कुळांचा सरकारी सैन्याने येथे एका तासाच्या आत मोड केला. त्यानंतर त्या कुळांची सत्ता गेली. त्यांचा पोशाखही कायद्याने बंद झाला, तो १७८२ पर्यंत. हे मैदान सपाट असून पायवाटा चांगल्या आहेत, त्यामुळे काठी घेतलेल्या माणसासही हिंडता येते. कुळांची नावे कोरलेले दगड १८८१ मध्ये बसवलेले आहेत. बंधू एकेका दगडापाशी थांबत गेले. शेवटी म्हणाले, "पानिपताच्या आधी पंधरा वर्षे." त्यापुढे ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, आणि आम्हीही त्यांना घाई केली नाही. ज्या सफरीत पुढच्या स्थळाची वेळ टळत असते, तीत असा एक तास मिळत नाही.

फोर्ट विल्यमजवळ बॅनव्ही येथे कॅलिडोनियन कालव्याचे आठ दरवाजे एकापुढे एक आहेत. टेलफर्ड या स्थापत्यज्ञाने योजलेला हा कालवा १८२२ मध्ये खुला झाला. एक होडी खालून वर चढण्यास सुमारे दीड तास लागतो. पाणी भरते, दार उघडते, होडी पुढे सरकते. समोर हवा स्वच्छ असल्यास १,३४५ मीटर उंचीचे बेन नेव्हिस शिखर दिसते. बाकावर बसून पाहण्यासारखे याहून चांगले दृश्य आम्हास ठाऊक नाही. त्याच बाजूस नेव्हिस डोंगररांगेत दोरावरून चालणारे पाळणे आहेत. त्यांतून वहिनी सुमारे ६५० मीटर उंचीवर गेल्या आणि तेथील बर्फास दुरून हात जोडून आल्या.

ग्लेन्को खोऱ्यातून रस्ता जातो तेव्हा दोन्ही बाजूंस काळे कडे उभे राहतात. १३ फेब्रुवारी १६९२ रोजी येथे सुमारे ३८ मॅक्डोनल्ड मारले गेले. मारणारे सैनिक जवळजवळ पंधरवडाभर त्यांच्याच घरी पाहुणचार झोडीत होते. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या मनाला ही कथा शहारे आणते. मोटार थांबवण्याच्या जागेवरूनच सारे खोरे दृष्टीस पडते.

आता बॅन्फविषयी. इन्व्हर्नेसहून बॅन्फ सुमारे १२० किलोमीटर. जाऊन येऊन चार तासांहून अधिक वेळ चाकावर गेला असता. पुतण्या न्यावयास तयार होता. आदल्या रात्री बंधूंनी नकाशा पुढे घेतला आणि आपल्याच पेन्सिलीने बॅन्फवर काट मारली. "तुझ्या काकूचे पाय सुजले आहेत," ते म्हणाले. "डफ काही पळून जात नाही." त्याऐवजी आम्ही २५ किलोमीटरांवरील नेर्न गावी समुद्रकाठी गेलो. याच किनाऱ्याने पूर्वेस गेले की बॅन्फ लागते. बंधूंनी त्या दिशेस पाहून डफच्या चुकांवर अर्धा तास व्याख्यान दिले, आणि मग "पण माणसाने कागद जमवले, हे त्याचे उपकार" असे म्हणून ते उठले. ते स्थळ आपणहून सोडण्यात त्यांना जो आनंद झाला, तो कदाचित तेथे नेल्याने झाला नसता. कारण त्या दिवशी सबंध कुटुंबाची सफर त्यांनी ठरवली होती.

हे उद्यावर टाकू नये

पुष्कळ मुले म्हणतात, "पुढच्या वर्षी रजा मोठी मिळेल, तेव्हा नेऊ." तरुणाचे पुढचे वर्ष चालू वर्षासारखेच असते, वृद्धाचे तसे नसते. आमच्या वहिनींना आज आपल्याच घराचा जिना दोन वेळा थांबल्यावाचून चढवत नाही. दोन वर्षांपूर्वी जे सहज घडले, ते आज घडले नसते. म्हणून ज्यांच्या मनात असेल त्यांनी अंतर कमी करावे, स्थळे कमी करावी, खर्चास झेपत नसेल तर दिवसही कमी करावे. परंतु वर्ष पुढे ढकलू नये. स्कॉटलंडच पाहिजे असेही नाही. वरील सर्व नियम कोणत्याही देशास लागू पडतील.

त्याचबरोबर वडील माणसांच्या खऱ्या नकारासही मान द्यावा. ज्यांना खरोखरच घरी राहावयाचे आहे त्यांना हौसेखातर ओढून नेणे हेही ओझ्याप्रमाणेच वागवणे होय. नकार कोणता आणि प्रश्न कोणता, हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. तिकिटे काढून मग सांगू नये. काही ठरवण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर नकाशा पसरावा, पेन्सील त्यांच्या हाती द्यावी, आणि दोन गोष्टी विचाराव्या : आपणास कोठे जावेसे वाटते, आणि किती दमाने जावेसे वाटते? पेन्सील खाली ठेवली गेली तर विषय तेथेच सोडावा. ती नकाशावर फिरू लागली, तर मात्र मुलांनी आपल्या यादीतली निम्मी स्थळे त्याच वेळी पुसून टाकावी आणि वडील माणसांनीही संकोच सोडून आपले विसावे मोकळेपणाने मागून घ्यावे.